चाकांवरचा दणदणाट

मोटारगाडीतील ध्वनियंत्रणा गाडीत बसलेल्यांसाठी असते. तिचा आवाज काचांबाहेर पडून रस्त्यात, शेतात आणि शेजारच्या घरात शिरू लागला की तो सार्वजनिक उपद्रव होतो. ठाणे जिल्ह्याच्या शहापूर व मुरबाड तालुक्यांत हा उपद्रव तीन प्रकारांनी आढळतो. पावसाळ्यात माळशेज घाट, भातसा धरण, विहीगावचा अशोक धबधबा अशा ठिकाणी आलेले पर्यटक गाडीची दारे आणि डिकी उघडी टाकून गाणी लावतात, हा पहिला प्रकार. दुसरा प्रकार बारमाही आहे: रिक्षा, इको, जीप आणि हौशी तरुणांच्या मोटारी गावातून जाताना वाजत जातात. तिसऱ्या प्रकारात गाडीच वाद्य होते. पिकअप किंवा टेम्पोवर स्पीकरच्या भिंती रचून हळदीला, वरातीत आणि मिरवणुकीत डीजे लावला जातो. गाडीचा आकार आणि वाजवणाऱ्याचा हेतू तिन्ही ठिकाणी वेगळा असला तरी यंत्रणा एकाच जातीची असते: विजेचा पुरवठा, ॲम्प्लिफायर आणि खर्जाचा आवाज काढणारा मोठा स्पीकर. या स्पीकरला, म्हणजे वूफरला, बोलण्यात 'बूफर' किंवा 'उफर' म्हणतात आणि त्याच्या दणक्याला 'बेस'.

'उफर' सरकारी कागदांतही पोचला आहे. पावसाळी पर्यटनातील अपघात टाळण्यासाठी ठाणे जिल्हा प्रशासन गेली काही वर्षे धबधबे, धरणे आणि गडांच्या परिसरात मनाई आदेश काढत आले आहे. शहापूर तालुक्यातील भातसा धरण, माहुली किल्ल्याचा पायथा आणि कसाऱ्याचे धबधबे, तसेच मुरबाड तालुक्यातील सिद्धगड, गोरखगड, नाणेघाट, बारवी धरण आणि माळशेज घाट ही ठिकाणे अशा आदेशांच्या कक्षेत येतात. खोल पाण्यात उतरणे, धोक्याच्या जागी सेल्फी काढणे, मद्यपान करणे, बेदरकार गाडी चालवणे या निषिद्ध कृत्यांच्या जोडीला गाडीतील स्पीकर आणि उफर वाजवणे हेही नोंदवलेले असते. हे आदेश पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १४४ खाली निघत. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १६३ त्यासाठी लागू आहे. मात्र या कलमाखाली जिल्हा दंडाधिकाऱ्याने काढलेला आदेश दोन महिन्यांपेक्षा जास्त काळ चालत नाही. पाऊस सरला की आदेश सरतो, आणि लग्नसराईतल्या रस्त्यांना तो कधी लागूच नसतो. उपद्रवाची ओळख पटलेली आहे. बंदोबस्त तेवढा हंगामी आहे.

आवाज कसा वाढत गेला

गाडीत संगीत येण्याला शतक होत आले. अमेरिकेत गॅल्विन बंधूंनी १९३० मध्ये 'मोटोरोला' या नावाने मोटारीतला रेडिओ बाजारात आणला. भारतातल्या ग्रामीण रस्त्यांवर संगीत खऱ्या अर्थाने आले ते १९८०च्या दशकात, कॅसेट स्वस्त झाल्यावर. खासगी जीपमध्ये ड्रायव्हरच्या डोक्यावर किंवा डॅशबोर्डात 'टेप' बसला, आणि आगरी-कोळी गीते, भक्तिगीते व हिंदी चित्रपटांची गाणी प्रवासात ऐकू येऊ लागली. त्या टेपची ताकद इतकी थोडी असे की चढावर इंजिनाच्या आवाजात गाणे बुडून जाई.

पुढे तीन गोष्टी बदलल्या. ॲम्प्लिफायर लहान, स्वस्त आणि विजेच्या वापरात काटकसरी झाले, त्यामुळे १२ व्होल्टच्या गाडीच्या बॅटरीवरही शेकडो वॉट काढणे शक्य झाले. पेनड्राइव्ह आणि ब्लूटूथमुळे गाण्यांचा साठा अखंड झाला. कॅसेट उलटवण्यापुरती मिळणारी उसंतही गेली. आणि गाणीच खर्ज वाढवून तयार होऊ लागली. एकेकाळी लोकप्रिय असलेले गाणे आज 'डीजे मिक्स' म्हणून मिळते ते मुख्यतः त्याच्या खाली बसवलेल्या ठेक्यासाठी. 'गाडीला साउंड बसवला' या वाक्यात आता गाणे ऐकण्याची सोय एवढाच अर्थ उरलेला नाही. साउंड हे गाडीचे भूषण झाले आहे, जसे एकेकाळी बैलांच्या गळ्यातले घुंगुर होते. फरक असा की घुंगुराचा आवाज बैलगाडी वळली की मागे राही.

आवाज किती दूर जातो

ध्वनीची पातळी डेसिबलमध्ये मोजतात आणि हे माप साध्या बेरजेने वाढत नाही. पातळी ३ डेसिबलने वाढली की ध्वनीची ऊर्जा दुप्पट होते, १० डेसिबलने वाढली की दहापट. कानाला मात्र १० डेसिबलची वाढ साधारण दुप्पट मोठ्या आवाजासारखी वाटते. म्हणजे ऊर्जा ज्या वेगाने वाढते त्या वेगाने ती ऐकणाऱ्याला जाणवत नाही. गाडीत बसलेल्याला 'थोडासा वाढवला' वाटतो, तेव्हा बाहेर पडणारी ऊर्जा अनेकपट झालेली असते.

अंतराने आवाज कमी होतो, पण त्याचाही हिशेब आहे. मोकळ्या जागेत एका ठिकाणाहून निघणारा ध्वनी अंतर दुप्पट झाले की सुमारे ६ डेसिबलने घटतो. डिकी उघडून ठेवलेल्या गाडीपासून १ मीटरवर १०० डेसिबल मोजले गेले असे धरले, तर २ मीटरवर ९४, ४ मीटरवर ८८, ८ मीटरवर ८२, १६ मीटरवर ७६, ३२ मीटरवर ७०, ६४ मीटरवर ६४ आणि १२८ मीटरवर ५८ डेसिबल उरतात. निवासी भागासाठी दिवसाची कायदेशीर मर्यादा ५५ आहे. गाडी घरापासून सव्वाशे मीटरवर उभी असली तरी मर्यादा ओलांडलेलीच राहते. घाटात कड्यावरून ध्वनी परततो, त्यामुळे तिथे घट याहून कमी असते.

खर्जाचे गणित आणखी वेगळे आहे. ५० हर्ट्झच्या ध्वनीची तरंगलांबी जवळजवळ ७ मीटर असते. अशा लांब तरंगांना घराची भिंत फारशी अडवू शकत नाही. विटांच्या पक्क्या घरातही ठेका आत येतो. कारवीच्या कुडाला शेणमाती लिंपलेल्या भिंतीच्या आणि पत्र्याच्या छपराच्या घरात तो सगळाच येतो. शहापूर-मुरबाडच्या ठाकूर आणि कातकरी वाड्यांत अशी घरे पुष्कळ आहेत. गाडी पाड्याजवळून जाते तेव्हा आधी पत्रा थरथरतो, मग मांडणीवरची भांडी एकमेकांना लागून किणकिणतात, आणि गाण्याचे शब्द त्यानंतर ऐकू येतात. गाडी निघून गेल्यावर शब्द आधी विरतात आणि धडधड मागे राहते. छातीत बसणारा हा धक्का लोक अचूक सांगतात, पण मोजणीयंत्र तो अचूक सांगत नाही. कायद्यातील मर्यादा 'ए' भारांकनाच्या डेसिबलमध्ये आहेत. हे भारांकन मानवी कानाच्या संवेदनशीलतेप्रमाणे खालच्या स्वरांना कमी वजन देते. ५० हर्ट्झच्या ध्वनीतून अशा मोजणीत सुमारे ३० डेसिबल वजा होतात. ज्या आवाजाने पत्रा हलला, तो आकड्यात बराचसा गळून पडतो.

हानी कोणाची, कशी

मोठ्या आवाजाचा पहिला बळी वाजवणारा स्वतः असतो. आतल्या कानातील केसपेशी एकदा मेल्या की माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत. अमेरिकेच्या व्यावसायिक सुरक्षा व आरोग्य संस्थेच्या शिफारशीनुसार ८५ डेसिबलचा आवाज दिवसात ८ तासांपर्यंत ठीक. त्यापुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. त्या हिशेबाने १०० डेसिबलला १५ मिनिटे पुरतात. काचा बंद करून पूर्ण आवाजात गाडी हाकणारा चालक आणि हळदीच्या रात्री डीजेच्या भिंतीसमोर नाचणारी मुले ही मुदत पहिल्या काही गाण्यांतच ओलांडतात.

दुसरी हानी रस्त्यावरची आहे. माळशेज आणि कसारा घाटांत आंधळ्या वळणांवर हॉर्न देणे ही सुरक्षेची जुनी रीत आहे. समोरून येणाऱ्या एसटीचा हॉर्न किंवा मागून येणाऱ्या रुग्णवाहिकेचा भोंगा ज्याला ऐकू जात नाही, तो चालक अर्ध्या इंद्रियांनी गाडी चालवत असतो. धबधब्याखाली दरड सुटल्याचा आवाज, पाण्याचा लोंढा वाढल्याचा आवाज, काठावरून कोणी मारलेली हाक हेही तिथे जगण्या-मरण्याचे संकेत असतात. मनाई आदेशात खोल पाणी आणि उफर एकाच यादीत येतात, त्याचे समर्थन इथे मिळते.

तिसरी आणि सर्वांत व्यापक हानी झोपेची आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००९ सालच्या युरोपीय मार्गदर्शक तत्त्वांत रात्री घराबाहेरील ध्वनीची सरासरी ४० डेसिबलपेक्षा जास्त नसावी असे म्हटले आहे. आवाजाने झोप चाळवली की नाडी आणि रक्तदाब वाढतात, माणूस पूर्ण जागा झाला नाही तरी. या दोन तालुक्यांत झोपेची किंमत आणखी रोकडी आहे. आसनगाव, आटगाव, खर्डी आणि कसारा स्थानकांवरून पहाटेच्या लोकलने कामाला जाणारा माणूस अंधारात घर सोडतो. मुरबाडला रेल्वे नसल्याने तिथल्या नोकरदाराला आधी कल्याण गाठावे लागते. रात्री दोनला डीजे थांबला, तर त्याच्या वाट्याला दीड-दोन तासांची झोप येते.

यांखेरीज ज्यांना जागा सोडून जाता येत नाही असे लोक आहेत: शहापूरच्या उपजिल्हा रुग्णालयातला आणि मुरबाडच्या ग्रामीण रुग्णालयातला रुग्ण, बाळंतीण, खाटेला खिळलेला म्हातारा, परीक्षेला बसलेली मुले. दोन्ही तालुक्यांत आदिवासी विभागाच्या निवासी आश्रमशाळा आहेत. तिथल्या मुलाची शाळा, अभ्यास आणि झोप एकाच आवारात असते. आवाज वाढला म्हणून त्याला दुसरीकडे जाऊन पुस्तक उघडता येत नाही.

कायदा काय म्हणतो

ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम केंद्र सरकारने १९८६च्या पर्यावरण संरक्षण कायद्याखाली १४ फेब्रुवारी २००० रोजी लागू केले. त्यांत दिवस सकाळी ६ ते रात्री १० असा धरला आहे. औद्योगिक क्षेत्राला दिवसा ७५ व रात्री ७०, व्यापारी क्षेत्राला ६५ व ५५, निवासी क्षेत्राला ५५ व ४५, आणि शांतता क्षेत्राला ५० व ४० डेसिबल अशा मर्यादा आहेत. ध्वनिक्षेपकाला लेखी परवानगी लागते. रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत उघड्यावर ध्वनिक्षेपक, वाद्य किंवा ॲम्प्लिफायर वाजवण्यास मनाई आहे. सार्वजनिक आणीबाणीचा अपवाद सोडला, तर सांस्कृतिक व धार्मिक सणांसाठी राज्य सरकार वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस रात्री १२ पर्यंत सूट देऊ शकते.

सर्वोच्च न्यायालयाने १८ जुलै २००५ रोजी दिलेला निकाल या विषयाचा पाया मानला जातो. त्या प्रकरणाची सुरुवात एका १३ वर्षांच्या मुलीवरील बलात्काराच्या बातमीने झाली होती. शेजारच्या मोठ्या संगीतात तिच्या किंकाळ्या कोणालाच ऐकू गेल्या नव्हत्या. सरन्यायाधीश आर. सी. लाहोटी आणि न्या. अशोक भान यांच्या खंडपीठाने स्पष्ट केले की बोलण्याच्या स्वातंत्र्यात दुसऱ्याला सक्तीने ऐकवण्याचा हक्क येत नाही. महाराष्ट्रातील महत्त्वाचा निकाल ठाण्याच्याच एका डॉक्टरच्या जनहित याचिकेतून आला. डॉ. महेश बेडेकर यांच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाच्या न्या. अभय ओक आणि न्या. ए. ए. सय्यद यांच्या खंडपीठाने १६ ऑगस्ट २०१६ रोजी निर्णय दिला; ध्वनिक्षेपक वाजवणे हा कोणाचाही मूलभूत हक्क नाही असे त्यात ठरले आणि पोलिसांकडे ध्वनिमापक यंत्रे असण्यावर भर देण्यात आला. २०१८च्या गणेश विसर्जनापूर्वी ध्वनियंत्रणा व्यावसायिकांच्या संघटनेला डीजेबंदीविरुद्ध अंतरिम दिलासा देण्यास याच न्यायालयाने नकार दिला. २३ जानेवारी २०२५ रोजी न्या. अजय गडकरी आणि न्या. श्याम चांडक यांच्या खंडपीठाने ध्वनिक्षेपक हा कोणत्याही धर्माचा अत्यावश्यक भाग नसल्याचे सांगितले आणि तक्रारदाराची ओळख उघड न करण्याची सूचना पोलिसांना दिली.

गाडीसाठी मोटार वाहन कायदा १९८८ स्वतंत्रपणे लागू होतो. नोंदणी प्रमाणपत्रातील तपशिलाशी विसंगत बदल करण्यास कलम ५२ मनाई करते. मागची आसने काढून स्पीकरची पेटी बसवणे किंवा मालवाहू पिकअपला कायमचा डीजेचा सांगाडा जोडणे या कलमात येते. अशा प्रत्येक बदलासाठी मालकाला कलम १८२-अ खाली ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा ५ हजार रुपये दंड होऊ शकतो. आवाजाच्या नियंत्रणाची मानके मोडणारे वाहन चालवल्यास कलम १९०(२) खाली ३ महिन्यांपर्यंत कैद, १० हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, शिवाय ३ महिने चालक परवान्यास अपात्रता अशी तरतूद आहे. पर्यावरण कायद्याच्या कलम १५ मधली कैदेची शिक्षा १ एप्रिल २०२४ पासून गेली असून तिच्या जागी १० हजार ते १५ लाख रुपयांचा दंड आला आहे.

मीटरची सबब

एवढे कायदे असून गाडी वाजत जाते, याचे नेहमीचे स्पष्टीकरण मीटरचे असते. मोजल्याशिवाय गुन्हा कसा नोंदवायचा, आणि मोजायला माणूस पोचेपर्यंत गाडी पुढच्या गावात गेलेली असते. या म्हणण्यात तथ्य आहे. नियमांतील मर्यादा दिवसाच्या किंवा रात्रीच्या सरासरी पातळीच्या आहेत. मांडवाचा स्पीकर एका जागी तासन्‌तास वाजतो, म्हणून तो सरासरीत सापडतो. गाडीचा दणका अर्ध्या मिनिटाचा. तो आठ किंवा सोळा तासांत वाटला की आकडा निरुपद्रवी होतो. ज्या नियमांनी उभ्या भोंग्याला आवर घालायचे ठरवले, त्यांच्या हातून धावता भोंगा निसटतो.

खेड्याच्या बाबतीत मर्यादेचा आकडा आणखी एका कारणाने अपुरा आहे. दिवसाच्या तक्रारीसाठी पातळी मर्यादेपेक्षा १० डेसिबलने जास्त असावी लागते, म्हणजे निवासी भागात ६५. वर्दळीच्या शहरी रस्त्यावर इतका आवाज रोजचा असतो. डोळखांब किंवा टोकावड्याच्या आतल्या पाड्यात दुपारी ४० डेसिबलच्या आसपास शांतता असेल, तर ६५ म्हणजे कानाला पाच-सहापट मोठा आवाज. तरीही तो तक्रारीच्या उंबरठ्यावरच थांबतो. शहरासाठी आखलेली रेघ गावाला लावली की गावाची शांतता हिशेबातून सुटते.

पण मीटर हा एकच मार्ग आहे हे गृहीतकच चुकीचे आहे. नियमांत मीटरविना चालणाऱ्या तीन वाटा आहेत. पहिली रात्रीची: रात्री १० नंतर उघड्यावर ॲम्प्लिफायर वाजला हेच उल्लंघन आहे, तो किती डेसिबलने वाजला हा प्रश्न येत नाही, आणि नियम ७ रात्रीच्या उल्लंघनाची तक्रार आकड्याशिवाय करू देतो. दुसरी शांतता क्षेत्राची: अशा क्षेत्रात ॲम्प्लिफायर किंवा ध्वनिक्षेपक वाजवणे हेच नियम ६ खाली शिक्षापात्र आहे. तिसरी नियम ८ ची: लोकांना त्रास, अस्वस्थता किंवा इजा होऊ नये यासाठी संगीत थांबवण्याचा लेखी आदेश सक्षम अधिकारी पोलीस ठाण्याच्या अहवालावरून देऊ शकतो, इथे कसोटी त्रासाची आहे. यांच्या जोडीला मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ आहे, ज्यासाठी गाडी वाजत असण्याचीही गरज नाही. सांगाडा डोळ्यांना दिसतो.

शांतता क्षेत्राच्या वाटेत एक अडथळा मात्र खरा आहे. पूर्वी रुग्णालय, शाळा आणि न्यायालयाभोवतीचा १०० मीटरचा परिसर आपोआप शांतता क्षेत्र समजला जाई. ऑगस्ट २०१७च्या दुरुस्तीनंतर राज्य सरकारने अधिसूचित केल्याखेरीज कोणताही भाग शांतता क्षेत्र ठरत नाही. त्यामुळे ग्रामीण रुग्णालयाच्या किंवा आश्रमशाळेच्या फाटकावर 'शांतता राखा' अशी पाटी असणे आणि तिथे कायद्याचे शांतता क्षेत्र असणे या दोन वेगळ्या गोष्टी झाल्या आहेत.

आक्षेप आणि त्यांचे वजन

गाड्यांच्या आवाजाला विरोध केला की काही आक्षेप येतात. पहिला आनंदाचा: 'लग्न काय रोज असतं का? एका दिवसाने काय होतं?' वाजवणाऱ्या घराच्या बाजूने पाहिले तर हे बरोबर आहे. रस्त्याकडेच्या घराच्या बाजूने पाहिले तर तसे नाही. मुहूर्त ठरावीक असतात, वराती त्याच रस्त्याने जातात, आणि उन्हाळ्यात चार-पाच गावांतल्या प्रत्येकाचा 'एक दिवस' त्या घरापुढून जातो. आनंद प्रत्येकाच्या वाट्याला एकदा येतो, आवाज मात्र एकाच घराच्या वाट्याला वारंवार.

दुसरा आक्षेप परंपरेचा आहे. ढोल, सनई, संबळ, बेंजो यांचाही आवाज मोठाच असतो. खरे आहे, पण ढोल वाजवणाऱ्याचे हात दुखतात, सनईवाल्याचा दम संपतो. माणसाच्या शरीराने त्या आवाजाला वेळेची आणि जोराची मर्यादा घातलेली होती. ॲम्प्लिफायर थकत नाही. शिवाय डीजेने या वाजंत्र्यांचेच काम काढून घेतले. हळदीच्या सुपाऱ्या ज्या घरांत जात होत्या, ती घरे आता डीजेच्या गाडीमागे रिकाम्या हाताने उभी आहेत.

तिसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. वाजतगाजत रस्त्याने जाण्याचा मान महाराष्ट्रात सर्वांना सारखा मिळालेला नाही. अनेक गावांत दलितांच्या वरातींना आणि मिरवणुकींना रस्ता नाकारला गेला. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या गप्प बसवले, त्यांच्यासाठी मोठा आवाज ही रस्त्यावरच्या हक्काची घोषणा असते. म्हणून आवाजाचा नियम एखाद्याच जयंतीला, एखाद्याच उरुसाला किंवा फक्त बाहेरून आलेल्या पर्यटकांना लावला, तर तो नियम न राहता भेदभाव होतो. अमेरिकेतील फ्लोरिडा राज्याचा अनुभव इथे उपयोगी आहे. गाडीतला आवाज २५ फुटांवर स्पष्ट ऐकू आला तर तो गुन्हा, असा तिथे कायदा होता. पण धंद्याच्या आणि राजकीय प्रचाराच्या गाड्यांना सूट होती. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये तो कायदा रद्द केला, आणि ही सूट त्याच्या प्रमुख कारणांपैकी एक होती. कानालाच मीटर मानणारी २५ फुटांची कसोटी ग्रामीण भागाला सोयीची आहे. प्रचाराची जीप, देवाची पालखी, नेत्याचा सत्कार आणि शेतमजुराची वरात यांना ती एकच असली पाहिजे.

बंदोबस्त कुठे करायचा

धावत्या गाडीमागे पोलीस धाडणे हा सर्वांत महागडा उपाय आहे. नियमांतील सक्षम अधिकारी पोलीस उपअधीक्षक किंवा त्यावरच्या दर्जाचा असतो, आणि घाटमाथ्याखाली पसरलेल्या या दोन तालुक्यांत तो दर वरातीला पोचणे अशक्य आहे. त्यामुळे बंदोबस्त गाडी वाजण्याच्या आधी व्हायला हवा.

पहिली जागा गाडीची तपासणी. व्यावसायिक वाहनांना ठरावीक मुदतीने योग्यता प्रमाणपत्र घ्यावे लागते. काढलेली आसने आणि जोडलेला सांगाडा त्या वेळी दिसतो. तिथेच प्रमाणपत्र अडले, तर रस्त्यावर मीटर घेऊन उभे राहावे लागत नाही. दुसरी जागा सुपारी. डीजे ठरवताना दिवस, रक्कम आणि तास ठरतात. त्यात रात्री १० ही वेळ लिहून घेतली, तर मध्यरात्री यजमान आणि डीजेवाला यांच्यात वाद उरत नाही. तिसरी जागा ग्रामसभा. संपूर्ण शहापूर आणि मुरबाडचा काही भाग अनुसूचित क्षेत्रात येतो, आणि १९९६चा पेसा कायदा ग्रामसभेला रूढी, परंपरा व सामूहिक साधनसंपत्ती जपण्यास सक्षम मानतो. गायरान आणि पाणवठा जसा सर्वांचा, तशी गावची शांतताही सर्वांची. तिच्यावरचे अतिक्रमण ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर यायला हरकत नाही. रुग्णालय आणि आश्रमशाळा शांतता क्षेत्र म्हणून अधिसूचित व्हावीत, हा ठराव तिथूनच जिल्हाधिकाऱ्यांकडे जाऊ शकतो. २००७ मध्ये सुरू झालेल्या तंटामुक्त गाव मोहिमेच्या समित्या जिथे टिकून आहेत, तिथे वेळेची आठवण करून देण्याचे काम त्या करू शकतात.

तक्रारीचा प्रश्न उरतो. शहरात तक्रार करणारा निनावी राहू शकतो. गावात डीजे भावकीतलाच असतो आणि फोन कोणी केला हे सकाळपर्यंत सर्वांना कळते. म्हणून तक्रारदाराची ओळख गुप्त ठेवण्याच्या २०२५च्या सूचनेला मुंबईत जितके महत्त्व आहे, त्याहून जास्त किन्हवली किंवा धसईत आहे. पोलीस ठाण्याने ती पाळली तरच गावातला माणूस फोन उचलेल.

गाडीतल्या आवाजाला आवर घालण्यासाठी नवा कायदा लागत नाही. रात्रीची मनाई, बदललेल्या वाहनावरील कारवाई आणि त्रास थांबवण्याचा अधिकार हे तिन्ही आज पुस्तकात आहेत आणि तिन्हींना मीटर लागत नाही. रात्री १० वाजून गेल्यावर घरासमोर उघड्यावर ॲम्प्लिफायर वाजत असेल, तर ११२ क्रमांकावर एवढेच सांगणे पुरेसे आहे: वेळ, ठिकाण आणि जमला तर गाडीचा नंबर.